पहिली बातमी कोणाची

मला कोणी "हे तुझं काम नाही" म्हटलं की ते काम मी करतेच. आई म्हणते, हा दोष आहे. असेल. पण आमच्या बातम्यांच्या पानाची हकीकत सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण हे वाक्य सरांनी मला ऐकवलं होतं आणि तेही सगळ्यांसमोर.

आमचा एक गट आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं मराठी मोठ्याने वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आम्ही लिहितो, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा, कोणाची परवानगी मागायची नाही. आमच्यातलं कोणी शाळेत शिकवतं, कोणी कंपनीत आहे. मी नाशिक रोडला घरी बसून परदेशातल्या दुकानांच्या वेबसाइटी दुरुस्त करते, त्यावर माझं चालतं. हे दुसरं काम पोटासाठी नाही, म्हणून ते जास्त मनापासून होतं आणि त्यावरून भांडणंही जास्त होतात. रविवारी सकाळी आम्ही स्टेशनजवळच्या एका ट्यूशन क्लासच्या खोलीत जमतो. फळ्यावर त्रिकोणमितीचं अर्धवट गणित असतं. ते पुसायचं नाही, एवढीच जागेची अट आहे.

सर पुण्याला राहतात. सॉफ्टवेअरचा पहिला कोड त्यांनी लिहिला, म्हणून ते सर. महिन्यातून एकदा स्वतःच्या गाडीने येतात, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसतात आणि ती खुर्ची फिरवून आमच्याकडे तोंड करतात. हुशार माणूस, यात वाद नाही. पण पाया आपण घातला म्हणून वरच्या प्रत्येक मजल्यावर कोण राहणार हेही आपणच ठरवायचं, असं त्यांना वाटतं.

आमची अडचण साधी होती. कोणाला कुठे बग, म्हणजे कोडमधली चूक, सापडली, कोणी काय नवीन जोडलं, बाहेर आपल्या उपयोगाचं काय आलं, हे सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचं. तिथे सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कोणाच्या तरी भाच्याचा दहावीचा निकाल आणि मधे कुठेतरी चेंगरलेली एखादी कामाची ओळ. डोळ्यांनी पाहणारा माणूस फुलांवरून बोट सरकवतो आणि पुढे जातो. मनमाडच्या माझ्या मैत्रिणीला ते जमत नाही. ती तिथल्या एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, जन्मापासून तिला दिसत नाही आणि आमचं सॉफ्टवेअर तिच्याइतकं कोणीच वापरत नाही. तिला वरून खाली, एकामागून एक, सगळं ऐकावंच लागतं. फुलाला आमचं सॉफ्टवेअर नुसतं "चित्र" म्हणतं. तिची रोजची सकाळ चित्र, चित्र, चित्र अशी सुरू व्हायची.

"लय झालं गं," ती एकदा म्हणाली. "मला पाचव्या मेसेजच्या पुढं ऐकायला वेळच नसतो. तुमच्यासाठी जे खाली हे, ते माझ्यासाठी नाहीच."

हे माझ्या डोक्यात राहिलं. मी बैठकीत म्हटलं की आपण इंटरनेटवर आपलं बातम्यांचं पान करू. प्रत्येकाने दुवे आणि बातम्या टाकायच्या, सगळ्यांनी मतं द्यायची, जास्त मतांचं वर. शिवाय ज्याला ज्यात रस त्याला ते आधी मिळेल, म्हणजे प्रत्येकाचं पान थोडं वेगळं. सरांनी खुर्ची फिरवली. "अशा गोष्टींना मोठ्या टीम लागतात. तयार साइट्स आहेत जगात, त्या वापरा. हे तुझं काम नाही. तू सॉफ्टवेअरमधली भाषांतरं तपास, ते तू छान करतेस."

छान करतेस. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती त्या दोन शब्दांनी. मी भाषांतरं तपासली आणि पानही बांधलं.

ते कसं चालायचं हे सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तुम्ही एखाद्या बातमीला मत दिलंत की माझा कोड पाहायचा, याच बातमीला आणखी कोणी मत दिलं. ज्याचं तुमच्याशी वारंवार पटतं, त्याच्या मताला तुमच्या पानावर जास्त वजन. कोणाला किती मतं पडली ते मी मुद्दाम लपवलं होतं, कारण आकडा दिसला की माणसं आकड्याच्या मागे जातात. आणि आपण टाकलेल्या बातमीला आपलं स्वतःचं मत आपोआप पडायचं. सगळीकडे पडतं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

आमच्यात एक पद्धत आहे. कोणी काही नवीन केलं की बाकीच्यांनी ते घरी आपापल्या मशीनवर वापरून पाहायचं आणि रविवारी एकेकाने सांगायचं, "माझ्याकडे चालतंय." सगळ्यांचं सांगून झालं की ते काम पास. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. पान सुरू झाल्यावरच्या रविवारी प्रत्येकाने सांगितलं, आणि नुसतं चालतंय असं नाही. "माझ्याकडे मस्त चालतंय." पिंपळगाव बसवंतचे गुरुजी, जे शाळेत गणित शिकवतात आणि आमचा सगळ्यात अवघड कोड लिहितात, ते म्हणाले, "काय राव, माझ्या मनातलं बरोबर ओळखतंय हे." सरसुद्धा म्हणाले, बातम्यांची निवड चांगली आहे. मी खूश होते. लपवत कशाला बसू, आठवडाभर मी हवेत होते.

मग एका दुपारी मैत्रिणीचा फोन आला. आई आणि मी मेथी निवडत होतो. तिने नेहमीसारखं "जेवलीस का" विचारलं नाही.

"परवा माझी परीक्षा झाली," ती म्हणाली.

ती खात्याची बढतीची परीक्षा होती, कॉम्प्युटरवरची. तिच्या ऑफिसात दिसत नसलेल्या माणसाने ती स्वतः, कोणी शेजारी बसून वाचून न दाखवता द्यायची, ही पहिलीच वेळ होती. त्यासाठी ती किती भांडली होती ते मला माहीत होतं. केंद्रावर आमचं सॉफ्टवेअर बसवलं होतं, अगदी ताजं.

"उत्तराच्या पर्यायांवर गेलं की ते गप्प बसतं. प्रश्न वाचतं आणि मग मुकं. शेवटी त्यांनी एका माणसाला माझ्याशेजारी बसवलं. त्याला मराठीही नीट वाचता येईना. माझा अर्धा पेपर तसाच राहिला."

मी म्हटलं, "अगं, मग आधी सांगायचंस ना."

मग तिने आवाज न चढवता जे सांगितलं, ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. "सांगितलं नाय? केंद्रावरच्या सरावाच्या दिवशीच मला कळलं होतं. त्याच दिवशी मी पानावर टाकलं. परीक्षेपर्यंत माझी पोस्ट सगळ्यात वर होती. रोज सकाळी पान उघडलं की पहिली तीच. म्हणजे तुम्ही सगळ्यांनी ती रोज पाहिलीत आणि एकानेही मला विचारलं नाय."

"तुझी पोस्ट?" मी म्हटलं. "कुठली पोस्ट?"

मी पान उघडलं. पहिली बातमी माझीच होती. दुसरीही माझी. तिसरी गुरुजींची. तिची पोस्ट कुठे आहे हे पाहायला मी खाली खाली गेले आणि शेवटाकडे ती सापडली. मग मला कळलं. प्रत्येकाच्या मताशी सगळ्यात जास्त कोणाचं पटतं हे मी मशीनला शोधायला सांगितलं होतं आणि मशीनने प्रामाणिकपणे शोधलं होतं. तुमच्याशी सगळ्यात जास्त तुमचंच पटतं. म्हणून प्रत्येकाच्या पानावर सगळ्यात वर तो स्वतः होता. आणि आम्ही सगळे आपापल्या घरी, आपापल्या खुर्चीत, आपलीच बातमी पहिली पाहून "मस्त चालतंय" म्हणत होतो.

मी हे तिला सांगितलं. तिला आधी हसू आलं आणि मग ती रडली. मी मेथी तशीच टाकून उठले. ती परीक्षा आता वर्षभराने होणार होती.

त्या रविवारी ती मनमाडहून पॅसेंजरने आली. स्टेशनवरून मी तिला घेऊन क्लासच्या खोलीत गेले. सरही आलेले होते. मी काही भाषण केलं नाही. तिने लॅपटॉप उघडला, आवाज मोठा केला आणि तिचं पान सॉफ्टवेअरने वाचायला सुरुवात केली. पहिली बातमी: परीक्षेत पर्याय वाचले जात नाहीत, लवकर दुरुस्त करा. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण हे वाक्य कोणी कधी वाचलेलंच नव्हतं.

"आता प्रत्येकाने आपापल्या फोनवर पहिली बातमी मोठ्याने वाचा," मी म्हटलं.

गुरुजींनी वाचली, त्यांनीच टाकलेली. त्यांच्या शेजारच्याने वाचली, त्याची. तिसऱ्या माणसाला वाचता वाचताच हसू फुटलं. सरांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, मग वाचलं: "स्वयंसेवकांनी शिस्त कशी पाळावी." तो त्यांचाच लेख होता. मोठा हशा पिकला आणि मैत्रिणीकडे लक्ष गेल्यावर तो थांबला. गुरुजी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "ताई, तो पर्यायांचा भाग माझा आहे. आज संध्याकाळच्या आत नीट करतो." त्यांनी केलाही. पण परीक्षा काही परत येणार नव्हती.

सर उभे राहिले. "म्हणूनच मी म्हणत होतो. मतं, आवडीनिवडी, हे सगळं बंद करू. तीन अनुभवी माणसांचं एक मंडळ नेमू. काय महत्त्वाचं ते आम्ही ठरवू आणि वर ठेवू. तुझी पोस्ट आम्ही एका दिवसात वर आणली असती." शेवटचं वाक्य ते मैत्रिणीला उद्देशून बोलले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी खोलीतले बरेचजण हो म्हणाले असते. माझी बाजू पडती होती. चूक माझ्या कोडची होती आणि जिचं नुकसान झालं ती माझ्या शेजारी बसली होती. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनेच विचारलं, "सर, त्या तिघांत मी हे का?"

"तू कशाला त्रास घेतेस? तुझ्या अडचणी आम्ही बघूच की."

"मग नको," ती म्हणाली. "आधी माझं म्हणणं कोणालाच दिसलं नाय. आता तिघांना पटलं तर दिसेल. म्हणजे मी तुमच्या मर्जीवर. परीक्षेत शेजारी माणूस बसवला होता ना, तसंच झालं हे. मला कोणी वर उचलून ठेवू नका. माझं मत मोजा आणि माझं बोलणं दुसऱ्याच्या कानावर घाला, बाकी मी बघते."

सर म्हणाले, ती भावनेच्या भरात बोलतेय. यावर मी जे बोलले त्यातलं सगळं इथे लिहीत नाही. मुद्द्याचं एवढंच, की चुकीचा कोड दुरुस्त करता येतो, पण तीन माणसांची सवय लागली की ती दुरुस्त करायला चौथा माणूस मिळत नाही. मला अजूनही तसंच वाटतं. सर त्यावर शांतपणे म्हणाले की असं असेल तर हे पान प्रकल्पाच्या वेबसाइटवर राहणार नाही. वेबसाइट त्यांच्या ताब्यात होती.

नको तर नको. मी पान घरी आणलं. माळ्यावर माझा कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर पडून होता, तो खाली काढला, पुसला आणि आईच्या शिलाई मशीनशेजारी मांडला. आता पान त्यावरूनच चालायचं. आई निवृत्त झाली तरी तिचा ऑफिसचा स्वभाव गेलेला नाही. तिने कॉम्प्युटरवर कागद चिकटवला: "कोणीही बंद करू नये." घरात आम्ही दोघीच. दुरुस्तीसाठी आमच्या भागातली लाईट गेली की पानही जायचं आणि मग मला फोन येत, "पान झोपलं का?" मी सांगायचे, हो, वायरमन खांबावर आहे, तो उतरला की उठेल. यात मला अजिबात कमीपणा वाटला नाही.

आणि मी पान नव्याने बांधलं. स्वतःच्या बातमीला स्वतःचं मत बाद. मतांचे आकडे उघडे. प्रत्येकाच्या पानावर पहिली जागा अशा बातमीला, जी अजून फारशी कोणी उघडलेली नाही. ती पूर्ण न ऐकता पुढे जाता येतं, पण तिची पहिली ओळ कानावरून गेल्याशिवाय नाही. क्रम कसा लागतो ते पानाच्या तळाशी साध्या मराठीत लिहिलं, माझ्या आईला वाचून कळेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलं. आणि शेवटी एक नियम: कोणाचीही बातमी हाताने वर किंवा खाली करायची नाही. ज्याच्या घरात कॉम्प्युटर आहे त्यानेही नाही.

आमची तपासायची पद्धतही बदलली. आता रविवारी "माझ्याकडे चालतंय" चालत नाही. आपला फोन शेजाऱ्याला द्यायचा, पडदा बंद करायचा आणि शेजाऱ्याने नुसतं ऐकून सांगायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा गुरुजी घामाघूम झाले. मैत्रीण त्यांना म्हणाली, "घाबरू नका, मी रोज करते."

वर्षाने तिची परीक्षा पुन्हा आली. सरावाच्या दिवशी ती केंद्रावर गेली आणि दुपारी तिचा फोन आला. पर्याय आता व्यवस्थित वाचले जात होते, पण वेळ संपत आल्याची सूचना आली की वाचन पुन्हा पेपरच्या पहिल्या ओळीपासून सुरू होत होतं. प्रत्येक सूचनेला सगळा पेपर पहिल्यापासून. "मी पानावर टाकलंय," ती म्हणाली. "आणि तू हात लावू नकोस."

"अगं, परीक्षा चार दिवसांवर आहे."

"माहितीये. हात लावू नकोस."

फोन ठेवला आणि मी त्या कॉम्प्युटरसमोर बसले. एक ओळ लिहिली असती तर तिची पोस्ट सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसली असती. कोणाला कळलंही नसतं. किंवा मी गुरुजींना सरळ फोन केला असता. मी काहीच केलं नाही. मी आईला चहा करून दिला, कपडे वाळत घातले, पुन्हा येऊन बसले. मला तिचा राग आला होता आणि स्वतःच्या नियमाचा त्याहून जास्त. जर ही पोस्टही तळाशी गेली तर मी पान बंद करणार होते आणि सरांना फोन करून तुम्ही बरोबर होता असं सांगणार होते. हे मी मनात पक्कं ठरवलं होतं.

तिकडे पिंपळगावला गुरुजींच्या भावाकडे द्राक्षाची गाडी भरायची होती. गुरुजी सुट्टीच्या दिवशी पॅकहाउसमध्ये उभे राहून पेट्या मोजत होते आणि कानात इअरफोन घालून पान ऐकत होते. पहिल्या जागी तिची पोस्ट आली. त्यांनी मत दिलं, पेट्या भावावर सोपवल्या आणि तिथेच एका पालथ्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून बसले. त्यांच्या पाठोपाठ आणखी मतं पडत गेली. संध्याकाळी मी पान उघडलं तेव्हा तिची पोस्ट माझ्याकडे मतांमध्ये सगळ्यात वर होती आणि तिच्याखाली गुरुजींची ओळ होती: "झालं. कोणीतरी दुसऱ्याने पडदा बंद करून तपासा." मी तपासलं. पडदा बंद करून, शेवटच्या सूचनेपर्यंत. केंद्रावर नवीन सॉफ्टवेअर बसलं का, यासाठी ती दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिथे जाऊन बसली.

तिने पूर्ण पेपर दिला. शेजारची खुर्ची रिकामी होती, हे तिने मला फोनवर दोनदा सांगितलं. ती पास झाली हे तिने नंतर सांगितलं, जाता जाता.

सरांनी दरम्यान आमच्या पानाचा कोड घेऊन आपलं वेगळं पान काढलं, तिघांच्या मंडळाचं. त्यांना तो हक्क आहे. कोड उघडा आहे म्हणजे तो न आवडणाऱ्या माणसालाही उघडा आहे, आणि त्यात मी कुरकुर करणार नाही. पण त्यांनी उद्घाटनाच्या लेखात लिहिलं की "काही उत्साही मंडळींचे घरगुती प्रयोग" आता संपले आहेत. मग माझाही तोल गेला. मी लांबलचक उत्तर लिहिलं, प्रत्येक मुद्द्याला मुद्दा, आणि आमच्या पानावर टाकलं. मला खात्री होती की ते आठवडाभर वर राहील.

दुसऱ्या दिवशी ते खालून दुसरं होतं. मी मैत्रिणीला फोन केला. "तूसुद्धा मत दिलं नाहीस?"

"अर्धा तास लागतो ते ऐकायला," ती म्हणाली. "आणि त्यात कामाचं काय हे? सर काय बोलले ते मला कशाला पायजे? त्याच्या वरच्या पोस्टमध्ये एक बग आलाय, तो बघ आधी."

मी चिडून फोन ठेवला. कॉम्प्युटर समोरच होता, शिलाई मशीनशेजारी. एक ओळ पुरली असती. मी खुर्ची पुढे ओढली, तो बग उघडला आणि दुरुस्त करायला घेतला. माझं उत्तर अजून तिथेच आहे, खालून दुसरं, आणि जोवर मशीन माझ्या घरात आहे तोवर मी त्याला हात लावणार नाही.